असेंबल्ड पीसीवर मॅकओएस बसेल का? बसेल, पण जीटीएक्स १६५० बाजूला ठेवून

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याकडे असेंबल करून घेतलेला पीसी आहे. त्यात इंटेल कोअर आय५-१०४००, बी४६० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० कार्ड आणि विंडोज असलेली एक एनव्हीएमई एसएसडी आहे. आयफोनची ॲप लिहायला शिकायची आहेत. त्यासाठी एक्सकोड हे ॲपलचं सॉफ्टवेअर लागतं, एक्सकोडला मॅकओएस लागते आणि मॅक घ्यायला आत्ता पैसे नाहीत. इंटरनेटवरून कुणाची तरी तयार ईएफआय फोल्डर (मशीन बूट करायच्या फायलींची) उचलून पेनड्राइव्ह बनवला, तर ॲपलचं सफरचंद दिसतं आणि खालची पट्टी अर्ध्यावर अडकते. हे होण्यासारखं आहे का, आणि कुठे चुकतंय?

होण्यासारखं आहे, आणि तुमचं मशीन या कामासाठी बऱ्यापैकी चांगलं आहे. मात्र दोन गोष्टी आधीच मनाशी पक्क्या करा. जीटीएक्स १६५० मॅकओएसमध्ये कधीच चालणार नाही, आणि दुसऱ्याची ईएफआय फोल्डर तुमच्या बोर्डावर नीट चालेल ही आशा सोडून द्या. बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

आधी हार्डवेअर, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो. ॲपलने २००६ साली मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली आणि २०२० च्या नोव्हेंबरात स्वतःच्या एम१ चिपचे मॅक बाजारात आणले. मधल्या काळात ज्या प्रोसेसरचे, ज्या ग्राफिक्स चिपचे मॅक निघाले, त्यांचेच ड्रायव्हर मॅकओएसमध्ये आहेत. असेंबल्ड मशीनवर मॅकओएस चालवायची तर आपलं मशीन त्यातल्या एखाद्या खऱ्या मॅकच्या जितकं जवळ जाईल तितकं काम सोपं. २०२० च्या २७ इंची आयमॅकमध्ये इंटेलच्या दहाव्या पिढीचे कॉमेट लेक प्रोसेसर होते. तुमचा आय५-१०४०० त्याच घरातला. अकराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर कोणत्याच मॅकमध्ये आले नाहीत, त्यामुळे त्यांचं अंगचं ग्राफिक्स मॅकओएसला ओळखताच येत नाही. शिवाय अकराव्या पिढीपासून पुढे प्रोसेसरची ओळखही बदलून सांगावी लागते. तुम्ही या बाबतीत नशीबवान आहात.

आणखी एका बाबतीतही. तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' नाही. आय५-१०४००एफ स्वस्त पडतो म्हणून आपल्याकडे असेंबल करणारे सर्रास तोच लावतात, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. तुमच्याकडे यूएचडी ६३० आहे आणि सगळा डाव आता त्याच्यावर आहे. तरीही बिलावर विसंबू नका. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव एकदा वाचून घ्या.

एनव्हिडियाचं दुखणं जुनं आहे. मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडिया स्वतः वेब ड्रायव्हर देत असे, ते मॅकओएसच्या हाय सिएरा आवृत्तीपाशी थांबले. त्याआधीच्या केप्लर कार्डांचे ड्रायव्हर मॅकओएसमध्येच होते, ते बिग सरपर्यंत टिकले आणि माँटेरेमध्ये निघाले. ट्युरिंग पिढीसाठी, म्हणजे जीटीएक्स १६ मालिका आणि आरटीएक्स, मॅकओएसचा ड्रायव्हर कधी आलाच नाही. कोणी 'पॅच' देतो म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका.

एएमडीचं कार्ड घ्यावं का, हा पुढचा प्रश्न येणारच. आरएक्स ५८०, आरएक्स ५७०० एक्सटी, आरएक्स ६६००, आरएक्स ६८०० ही कार्डं चालतात. आरएक्स ६७०० एक्सटी मात्र ॲपलच्या ड्रायव्हरने चालत नाही आणि आरएक्स ७००० मालिका तर नाहीच नाही. एक्सकोड शिकण्यासाठी यूएचडी ६३० पुरेसं आहे, त्यामुळे माझ्या मते केवळ यासाठी कार्डावर पैसे घालू नका. तरी लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जुनं आरएक्स ५८० स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायचंच ठरवलंत, तर त्यावर '२०४८ एसपी' लिहिलेलं नाही ना ते बघा. तो आरएक्स ५७० च्या ताकदीचा प्रकार आहे आणि त्याचा डेव्हाइस आयडी मॅकओएसच्या यादीत नाही. आयडी बदलून सांगितला तर चालतो, पण नवशिक्याने तो उपद्व्याप कशाला मागे लावून घ्यायचा? क्रिप्टो मायनिंगला वापरलेल्या कार्डाचं बायोसही बदललेलं असू शकतं.

कायद्याची बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मॅकओएसचा परवाना ती ॲपलच्याच संगणकावर वापरायची परवानगी देतो, असेंबल्ड पीसीवर चालवणं परवान्याच्या बाहेर जातं. सायस्टार नावाच्या अमेरिकन कंपनीने २००८ साली मॅकओएस घातलेले पीसी विकायला काढले होते. ॲपलने खटला भरला, २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. एखादं दुकान 'मॅक टाकून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर लांब राहा. तिथे कोणतं सॉफ्टवेअर आत घातलंय तेही कळत नाही, आणि त्याच मशीनवर तुम्ही तुमचा पासवर्ड टाइप करणार असता. शिकण्यापुरतं हे करायचं की नाही, हे परवान्याची अट माहीत असताना तुम्हीच ठरवा.

तयार ईएफआय फोल्डरही मी याचसाठी नको म्हणतो, की आत काय घातलंय ते कळत नाही. शिवाय तीत दुसऱ्याच्या बोर्डाच्या एसीपीआय (बोर्ड आपल्या हार्डवेअरची माहिती सिस्टिमला देतो ते तक्ते) दुरुस्त्या, दुसऱ्याचा यूएसबी नकाशा आणि बहुतेकदा दुसऱ्याचा सीरियल नंबर असतो. तोच सीरियल शेकडो लोकांनी उचललेला असतो आणि मग ॲपल आयडीने लॉगिन करताना अडथळे येतात.

तेव्हा स्वतःची ईएफआय बनवा. साधन एकच, ओपनकोअर. पूर्वी कॅमेलियन होतं, मग क्लोव्हर आलं. २०१९ पासून असिडँथेरा या गटाचं ओपनकोअर आलं आणि आज तेच वापरायचं. ते मॅकओएसच्या फायलींना हात लावत नाही. बूट होताना मेमरीतच दुरुस्त्या करतं, योग्य ड्रायव्हर चढवतं आणि मग मॅकओएसच्या हाती सूत्रं देतं. डॉर्टानिया या गटाचं ओपनकोअरचं ऑनलाइन गाईड उघडा आणि त्यातलं डेस्कटॉप कॉमेट लेकचं प्रकरण ओळीने वाचा. व्हिडिओ बघून करू नका. व्हिडिओ जुना झालेला असतो आणि ओपनकोअरची कॉन्फिग फाइल दर काही आवृत्त्यांनी थोडी बदलते.

विंडोज अजून शाबूत आहे, त्याचा फायदा घ्या. डिव्हाइस मॅनेजरमधून लॅनची चिप कोणती, ऑडिओची कोणती, वायफाय असेल तर कुणाचं, एसएसडीचं मॉडेल काय, हे कागदावर उतरवून घ्या. बी४६० बोर्डांवर लॅनला बहुधा रिअलटेकची आरटीएल८१११ असते, तिच्यासाठी त्याच नावाची केक्स्ट. इंटेलची आय२१९ असेल तर इंटेलमाउसी. केक्स्ट म्हणजे मॅकओएसचा ड्रायव्हर. लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटएव्हरग्रीन आणि ॲपलएएलसी या चार केक्स्ट जवळपास प्रत्येक मशीनला लागतात. यापलीकडे 'असू दे एखादी' म्हणून काही भरू नका. नको असलेली केक्स्ट हेसुद्धा अडकण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

एसीपीआयसाठी एसएसडीटीटाइम हे टूल विंडोजमध्येच चालवा. ते तुमच्या बोर्डाचं डीएसडीटी, म्हणजे एसीपीआयचा मुख्य तक्ता, काढून घेतं आणि त्यावरून लागतील त्या फायली बनवतं. उदाहरण देतो. नव्या इंटेल बोर्डांवर जुन्या आरटीसी घड्याळाऐवजी एडब्ल्यूएसी नावाचं घड्याळ असतं आणि मॅकओएसला फक्त आरटीसी कळतं. तुमच्या बोर्डावर एडब्ल्यूएसी आहे का, हे टूलच बघतं आणि गरज असेल तरच दुरुस्ती सुचवतं. नावात ४०० असलं तरी बी४६० आतून जुन्या २०० मालिकेच्या जवळचा आहे, त्यामुळे झेड४९० वाल्या मित्राची फाइल जशीच्या तशी उचलण्यात धोका आहे.

आता यूएसबी. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, म्हणून जरा थांबून सांगतो. एल कॅपिटन आवृत्तीपासून मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ च पोर्ट मान्य करते. वाटतं की माझ्याकडे तर दहाच आहेत. पण यूएसबी ३ चा प्रत्येक निळा पोर्ट दोन धरला जातो, एकदा २ च्या वेगासाठी आणि एकदा ३ च्या. त्यात कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट, बोर्डावर कशालाही न जोडलेले हेडर आणि ब्लूटूथचा आतला पोर्ट, हे सगळे मोजणीत येतात. मर्यादा ओलांडली की कोणते पोर्ट वगळले जातील ते आपल्या हातात राहत नाही. इन्स्टॉलर अर्ध्यावर असताना पेनड्राइव्हच दिसेनासा होतो आणि पडद्यावर तिरपी रेघ मारलेलं वर्तुळ येतं. ही मर्यादा तात्पुरती उठवणारी सोय ओपनकोअरमध्ये होती, ती बिग सर ११.३ पासून उपयोगाची राहिली नाही.

म्हणून कोणते पोर्ट ठेवायचे याचा नकाशा आधीच बनवा. यूएसबीटूलबॉक्स विंडोजमध्ये उघडा, एक जुना २.० पेनड्राइव्ह आणि एक ३.० चा घ्या आणि कॅबिनेटच्या मागून पुढे प्रत्येक पोर्टात दोन्ही लावून काढा. टूलच्या पडद्यावर पोर्ट एकेक करून नोंदले जातात. मग १५ च्या आत बसतील असे निवडा. कीबोर्ड-माऊसच्या पोर्टांना ३ ची बाजू सोडून दिली तरी चालते. ब्लूटूथचा पोर्ट 'इंटर्नल' म्हणून नोंदवा. हा अर्धा तास नीट दिलात तर पुढे झोपेतून मशीन आपोआप जागं होणं, स्लीप न लागणं असल्या कटकटीही बऱ्याच कमी होतात.

बायोसमध्ये सिक्युअर बूट, सीएसएम आणि सीएफजी लॉक बंद करा. साटा एएचसीआयवर ठेवा, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू करा, एक्सएचसीआय हँडऑफ चालू ठेवा. डीव्हीएमटी, म्हणजे अंगच्या ग्राफिक्ससाठी राखलेली मेमरी, ६४ एमबी करा. यूएचडी ६३० साठी हे महत्त्वाचं आहे, बोर्ड बदलू देत नसेल तर व्हॉटएव्हरग्रीनकडून मेमरीचा पॅच लावता येतो. सीएफजी लॉकचा पर्याय काही बोर्डांवर दिसतच नाही, तेव्हा ओपनकोअरमधला ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक चालू करायचा. व्हीटी-डी बंद करा, किंवा डिसेबलआयओमॅपर चालू ठेवा.

जीटीएक्स १६५० सरळ काढून टेबलावर ठेवा. पॅरामीटर देऊन ते मॅकओएसपुरतं बंद करता येतं आणि शेवटी तेच करायचं आहे, म्हणजे विंडोजमध्ये गेम खेळता येतील. पण पहिल्या खेपेला जितक्या कमी गोष्टी तितकं बरं. मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या पोर्टात लावा. डिस्प्ले पोर्ट असेल तर तोच वापरा. एचडीएमआयवर या पिढीच्या काही बोर्डांमध्ये बूट पूर्ण होतं आणि ऐन डेस्कटॉप यायच्या वेळी पडदा काळा पडतो. मशीन चालू असतं, फक्त चित्र चुकीच्या वाटेने पाठवलं जातं. मग ग्राफिक्सच्या फ्रेमबफर सेटिंगमध्ये पोर्टांचे बस आयडी बदलावे लागतात. ग्राफिक्सचा प्लॅटफॉर्म आयडी ०७००९बी३ई ठेवा. एसएमबायोस, म्हणजे मशीनने कोणता मॅक म्हणून ओळख सांगायची ते, आयमॅक२०,१ घ्या आणि सीरियल जेनएसएमबायोस या टूलने बनवा. तो ॲपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकून बघा. 'असा सीरियल नाही' असं उत्तर आलं पाहिजे. खरा मॅक सापडला तर तो नंबर कुणाचा तरी आहे, दुसरा बनवा.

विंडोजच्या एसएसडीवर मॅकओएस टाकू नका. विंडोज स्वतःचं ईएफआय पार्टिशन १०० एमबीचं करते, मॅकओएसला २०० एमबीचं लागतं. ते वाढवण्याच्या खटपटीत सबमिशनच्या फायली गेलेल्या मी पाहिल्या आहेत. २५६ जीबीची साधी साटा एसएसडी वेगळी घ्या. आणि इन्स्टॉल करताना विंडोजची एसएसडी स्क्रू काढून बाहेर ठेवा. नसलेली डिस्क चुकून फॉरमॅट होत नाही. तिचं मॉडेल मात्र तपासा. सॅमसंगच्या पीएम९८१ वर मॅकओएस कर्नल पॅनिक देते, म्हणजे कोसळते, हे माहीत असलेलं आहे, आणि ती नुसती बोर्डावर बसवलेली असली तरी त्रास देते.

आता तुमची अडकलेली पट्टी. पट्टीवरून काही निदान होत नाही. बूट आर्ग्युमेंटमध्ये व्हर्बोज मोड चालू करा म्हणजे सफरचंदाऐवजी ओळी धावताना दिसतील. शेवटच्या ओळीत 'एक्झिटबीएस:स्टार्ट' दिसून सगळं थांबलं असेल तर दोष बहुधा कॉन्फिग फाइलच्या बूटर क्वर्क्समध्ये, म्हणजे बूटच्या वेळच्या दुरुस्त्यांच्या सेटिंगमध्ये, आहे. कॉमेट लेकसाठी डेव्हर्च्युअलाइजएमएमआयओ, प्रोटेक्टयूईएफआयसर्व्हिसेस, रिबिल्डॲपलमेमरीमॅप आणि सिंकरनटाइमपरमिशन्स चालू, तर एनेबलराइटअनप्रोटेक्टर आणि सेटअपव्हर्च्युअलमॅप बंद. उचललेल्या फोल्डरमध्ये हे जुन्या पिढीच्या बोर्डाप्रमाणे असण्याची दाट शक्यता आहे. ओळी त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन ग्राफिक्सच्या आसपास थांबत असतील तर कार्ड काढल्यावरच तो प्रश्न सुटेल. प्रत्येक बदलानंतर ओपनकोअरच्या मेनूतून एनव्हीरॅम (बोर्डावरची बूटच्या सेटिंगची मेमरी) रीसेट करा, नाहीतर जुनी मूल्यं चिकटून राहतात आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. आणि एका वेळी एकच बदल करा.

इन्स्टॉलर मॅकरिकव्हरी या स्क्रिप्टने थेट ॲपलच्या सर्व्हरवरून उतरवा. ती फक्त छोटी रिकव्हरी इमेज असते. बाकीचे १० जीबीहून अधिक इन्स्टॉलरमध्ये गेल्यावर डाउनलोड होतात, म्हणून लॅनची वायर हवीच. डिस्क युटिलिटी उघडलीत की आधी व्ह्यू मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. नाहीतर डावीकडे फक्त व्हॉल्यूम दिसतात, माणूस व्हॉल्यूम पुसतो, खालची जुन्या पद्धतीची एमबीआर पार्टिशन रचना तशीच राहते आणि पुढे इन्स्टॉलर डिस्क नाकारतो. सगळ्यात वरची, कंपनीच्या नावाची ओळ निवडून एपीएफएस आणि जीयूआयडी पार्टिशन मॅप करा. मशीन काही वेळा आपणहून रीस्टार्ट होईल. दर वेळी ओपनकोअरच्या मेनूत 'मॅकओएस इन्स्टॉलर' ही ओळ दिसते का पाहा आणि तीच निवडा. सवयीने पुन्हा रिकव्हरी निवडली की पहिल्यापासून सुरू. 'एका मिनिटाहून कमी शिल्लक' या वाक्यावर बराच वेळ जाऊ शकतो, तेव्हा पॉवर बटणाला हात लावू नका. डेस्कटॉप आला की माउंटईएफआय या टूलने दोन्ही ईएफआय पार्टिशनं उघडून पेनड्राइव्हवरची फोल्डर एसएसडीवर कॉपी करा.

आवाजासाठी ॲपलएएलसीचा लेआउट आयडी लागतो. तुमच्या चिपसाठी चालणारे आकडे त्यांच्या यादीत आहेत, ते एकेक लावून बघायचे. इंटेलचं वायफाय असेल तर आयटीएलडब्ल्यूएम आणि हेलीपोर्टने नेट चालेल, एअरड्रॉप नाही. आयफोन मिररिंग आणि ॲपल इंटेलिजन्स यांचीही आशा नको.

आवृत्ती कोणती? सेकोया, म्हणजे मॅकओएस १५. एक्सकोड २६ ची पहिली आवृत्ती सेकोया १५.६ वर चालते, त्यामुळे शिकायला काही अडत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आलेली टाहो, म्हणजे मॅकओएस २६, ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने त्याच वर्षीच्या जूनमध्ये जाहीर केलं. पुढची आवृत्ती इंटेलवर येणारच नाही, म्हणजे तुमच्या या मशीनचा रस्ताही तिथे संपतो. नव्या एक्सकोडला नवी मॅकओएस लागते हे लक्षात घेतलं, तर कॉलेज संपेपर्यंत हे मशीन तुम्हाला पुरेल. नोकरीला किंवा ॲप स्टोअरवर ॲप चढवायच्या कामाला त्याच्यावर विसंबू नका. १६ जीबी रॅमचा एम४ मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला होता, विद्यार्थ्यांना त्याहून कमी. फ्रीलान्सचं पहिलं काम मिळालं की पैसे तिकडे वळवा.

तोपर्यंत सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन स्वयंचलित अपडेट बंद ठेवा. टाहोमधून ॲपलएचडीए हा ऑडिओचा मूळ ड्रायव्हरच काढून टाकलेला आहे, त्यामुळे ॲपलएएलसीला धरायला काही उरत नाही आणि बोर्डावरचा आवाज बंद पडतो. टाहो घ्यायचीच झाली तर स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड आधी आणून ठेवा, ओपनकोअर आणि सगळ्या केक्स्ट नव्या आवृत्तीच्या करा, त्या नव्या ईएफआयने आधी पेनड्राइव्हवरून सेकोयाच बूट करून बघा, आणि ते सुरळीत झालं तरच अपडेटचं बटण दाबा. चालू असलेली जुनी ईएफआय वेगळ्या पेनड्राइव्हवर राहू द्या.